एका किकला चालू होणाऱ्या गाडीला नवा सीडीआय

बॅटरी १,४५०, सीडीआय (स्पार्क पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) १,८५०, सेल्फ मोटर ३,२००, रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) ३८०, मजुरी ९००. एकूण ७,७८० रुपये. आणि बिघाड होता इंजिनवरच्या अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह वायरच्या, बोल्टाखाली.

गाडी सोळा वर्षांची. बटण दाबलं की रिले नुसता 'टक' करायचा, सेल्फ फिरायचाच नाही. गॅरेजवाल्याने बटण दोनदा दाबलं नि म्हणाला, "साहेब, बॅटरी बसली. सीडीआयपण गेलाय." आणि लगेच, माझ्या डोळ्यांदेखत, किक मारून गाडी आत घेतली. एका किकमध्ये! अहो, सीडीआय गेला असता तर स्पार्क आला कुठून? बटण दाबताना हेडलाइट जरासुद्धा मंद होत नव्हता, हॉर्न ठणठणीत. बॅटरी बसलेली असली की बटण दाबताच दिवा मलूल होतो, हे मला माहीत होतं. माहीत असून मी नंदीबैलासारखी मान हलवली. अजून रात्री आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मी काही अगदीच बावळट नाही. पाच वर्षं ऑइल बदलायला त्याच्याकडेच जात होतो, विश्वास बसतोच की. पण मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) न लावता जो पार्ट सांगतो, त्याच्याकडून गाडी ढकलत का होईना, बाहेर काढा.

पार्ट बदलल्यावर चार दिवस सेल्फ लागला. मोटर काढता-घालताना तो अर्थिंगचा बोल्ट हलला असणार, म्हणून. पाचव्या दिवशी पुन्हा 'टक'. शेवटी शेजारच्या वायरमन काकांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि मला बटण दाबायला सांगितलं. जवळपास बॅटरीचाच आकडा! तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसायलाच नको. बोल्ट काढला तर खालची लग (वायरचं धातूचं टोक) गंजून हिरवी पडलेली. पॉलिश पेपर मारला, दहा मिनिटांत काम संपलं.

गॅरेजवाला म्हणे, "तेव्हा चालू करून दिली होती ना?" पोलीस चौकीत गेलो, तर "हा दिवाणी मामला आहे." ग्राहक हेल्पलाइनवर वीस मिनिटं गाणं ऐकलं, मग बाई म्हणाल्या, पक्कं बिल जोडा. बिल त्याने दिलंच नाही, हीच तर तक्रार! २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं मी सांगितलं. "हो सर, पण बिल जोडल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही." ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही म्हणतात. खरं आहे, पण तारखांसाठी बुडणाऱ्या रजा कोण भरून देणार? बिल नसलं तरी पुरावा राहावा म्हणून पैसे यूपीआयने तरी द्या, मी रोख मोजले.

आणि जुने पार्ट तिथल्या तिथे मागून घ्या. मी दुसऱ्या दिवशी मागितले, तर "भंगारात गेले." माझी धडधाकट सेल्फ मोटर आता कुणाच्या तरी गाडीत 'नवीन' म्हणून बसली असेल. ३,२०० रुपयांना.