इआइतोची मूठ: काही महिन्यांच्या सरावानंतर

इआइतो म्हणजे इआइदोच्या, म्हणजे म्यानातून तलवार उपसण्याच्या जपानी कलेच्या, सरावाची बिनधारेची तलवार. पातं जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आहे, सरावाला पुरेसं आहे. पैसे मोजावेत ते मुठीसाठी.

मूठ होनोकीच्या लाकडाची. हे झाड आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलं. त्यावर पाकट माशाची खरखरीत कातडी आणि वरून सुमारे 4 मीटर सपाट विणलेली रेशमी फीत. दर फुलीखाली कागदाच्या घडीचे त्रिकोण बसवलेले असतात. फितीला ताण आणि उठाव त्यांच्यामुळेच येतो, चौकटीही त्यामुळेच एकसारख्या दिसतात. स्वस्त मुठींत हा कागद गाळतात, कातडीच्याही दोन पट्ट्याच चिकटवतात. मग घामाने फीत सैलावते आणि हातात फिरू लागते. घेताना फुली अंगठ्याने बाजूला ढकलून बघा. हलली तर घेऊ नका. फुल्या आलटूनपालटून हव्यात: एकीत डावा पदर वर, पुढच्या फुलीत उजवा. या मुठीत एकही फुली अजून सरकलेली नाही, आणि ही कारागिरी खरंच मनापासून आवडली. फीत मळली तर ओलसर फडक्याने टिपा. धुतलीत तर आतला कागद दबून बसतो.

धातुकामात मात्र निराशा आहे. फुची, म्हणजे मुठीच्या तोंडाचं कडं, ओतीव आहे आणि वर काळा मुलामा. तर्जनी घासते तिथे तो उडून तांबूस धातू दिसू लागला आहे. खऱ्या शाकुदोत, म्हणजे हा मुलामा ज्याची नक्कल करतो त्या काळ्या जपानी मिश्रधातूत, तांब्यात थोडंसं सोनं मिसळतात आणि रासायनिक द्रावणात उकळून निळसर काळा रंग आणतात. गोतो या जपानी धातुकारांच्या घराण्याच्या कामात त्यावर नानाको, म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे बारीक ठिपके, एकेक ठोकून उठवलेले असतात. इथले ठिपके साच्यातून आलेले, म्हणून बोथट. जुना शाकुदो हाती आला तर पितळ घासायची पावडर लावू नका, रंग निघून जाईल.

त्सुबा, म्हणजे मुठीपुढची तबकडी, खुळखुळू लागली तर कागद कोंबू नका. थोडी जाड सेप्पा, म्हणजे चकती, बसवा. बांबूची मेकुगी, म्हणजे पातं मुठीत धरून ठेवणारी खुंटी, प्रत्येक सरावाआधी दाबून पाहा, सैल असेल तर बदला. म्यानाचं तोंड सैल झालं तर हाबाकी, म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेली धातूची पट्टी, टेकते त्या दोन सपाट बाजूंना आतून होनोकीची पातळ चिपटी चिकटवा. पण पावसाळ्यात हे काम नको: तेव्हा लाकूड फुगलेलं असतं, हिवाळ्यात पुन्हा सैल होतं.