टर्बो की मोठं इंजिन? सुबारू आउटबॅक एक्सटी, सोळा महिने आणि डेन्व्हरचे घाट

गाडी घेऊन सोळा महिने झाले, एकोणीस हजार माइल झाले, दोन हिवाळे काढून झाले, आता लिहायला हरकत नाही. घेताना मी दोन महिने नुसता घोळ घालत होतो आणि मराठीत कुणी यावर नीट लिहिलेलं काही सापडलं नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

आम्ही अमेरिकेत, कोलोराडोमध्ये, डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. मी, बायको, मुलगी आणि उन्हाळ्यात चार-पाच महिने आई-बाबा साताऱ्याहून येतात, म्हणजे पाच माणसं आणि डोंगरात जायचं म्हणजे तंबू, स्लीपिंग बॅगा, कूलर हे सगळं. उंच एसयूव्ही बघितल्या होत्या पण आईचे गुडघे दुखतात, तिला वर चढून बसायला नको वाटतं आणि टपावर सामान बांधायचं तर मला स्टूल लागतं. स्टेशन वॅगनमध्ये आई सरळ टेकून बसते, डिकी लांबलचक, टपावर हात पोचतो आणि आउटबॅकला खाली ८.७ इंच क्लिअरन्स आहे म्हणजे कच्च्या रस्त्याची पण काळजी नाही. त्यामुळे आउटबॅक हे ठरलं होतं, भांडण फक्त इंजिनाचं होतं.

सेकंडहँडमध्ये दोन पर्याय होते. एक २०१९ ची ३.६आर, म्हणजे ३.६ लिटरचं सहा सिलिंडर, टर्बो (इंजिनात हवा दाबून ढकलणारा पंखा) नाही काही नाही, २५६ हॉर्सपॉवर. दुसरी २०२१ ची एक्सटी, २.४ लिटर चार सिलिंडर पण टर्बो, २६० हॉर्सपॉवर. कागदावर बघितलं तर चार हॉर्सपॉवरचा फरक, म्हणजे काहीच नाही. माझा एक मित्र न्यू जर्सीत आहे त्याच्याकडे ३.६आर आहे, तो म्हणाला अरे डोळे झाकून सहा सिलिंडर घे, मोठं इंजिन आहे, आरामात चालतं, त्याच्यावर ताण येत नाही, टर्बो म्हणजे एक पार्ट जास्त आणि एक पार्ट जास्त म्हणजे एक खर्च जास्त. मला ते पटलं होतं. खरं सांगतो, मी ३.६ घ्यायच्या तयारीनेच गेलो होतो.

मग दोन्ही गाड्या एकाच शनिवारी एकाच रस्त्यावर चालवल्या आणि तिथे सगळं फिरलं.

आता जे सांगतोय ते नीट वाचा कारण माझ्या मते सगळ्या निर्णयाचं मूळ इथे आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५२८० फुटांवर आहे, मीटरमध्ये १६०९. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे आपण महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकावर जी हवा खातो जवळजवळ तीच हवा इथे रोज किराणा आणायला जाताना गाडीचं इंजिन खातं आणि घाट तर अजून सुरू पण झालेला नसतो. साध्या इंजिनाचा ढोबळ हिशोब असा की दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, कारण हवा विरळ, हवा कमी म्हणजे जाळायला पेट्रोल कमी. म्हणजे २५६ ची ३.६आर डेन्व्हरमध्ये उभी आहे तोवरच २१५ च्या आसपास आलेली असते. डोंगरात जाणाऱ्या आय-७० हायवेने पश्चिमेला निघालात की आयझेनहॉवर टनेलचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर, तिथे ती १७० च्या आसपास उरते. टर्बोचं तसं नाही. एक्झॉस्टवर फिरणारा पंखा हवा दाबून आत ढकलतो, बाहेर हवा विरळ झाली की तो जास्त जोरात फिरून दाब भरून काढतो. सगळाच्या सगळा भरून निघतो असं नाही, थोडं जातंच, पण गाडी जवळपास तशीच ओढते.

हे मला वाचून माहिती होतं पण पायाला कळणं वेगळं. गोल्डनहून जेनेसीकडे जो चढ लागतो तिथे ३.६आर मध्ये आम्ही तिघं होतो, ताशी पासष्ट माइलवर होतो, पुढे ट्रक आला, लेन बदलून दाबली तर इंजिन पाच हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) गेलं, आवाज छान गोड, घरघर नाही काही नाही पण गाडी आपली हळूहळू सरकतेय. वाईट अजिबात नव्हती. मग एक्सटी घेऊन तोच चढ, तोच वेग, अर्धंच दाबलं आणि ती अडीच-तीन हजारावरच उचलून गेली. कारण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर. एक्सटीचा २७७ पाउंड-फूट टॉर्क २००० ते ४८०० आरपीएम सगळीकडे मिळतो, ३.६ चा २४७ आणि तो ४४०० ला. घाटात नुसता कागदावरचा हॉर्सपॉवर बघून चालत नाही, हा खालचा दम लागतो. पसरणीच्या घाटातून ज्यांनी भरलेली गाडी वर नेलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

तर एक्सटी घेतली. ३१ हजार माइल झालेली होती.

ॲव्हरेज. कंपनीचा, म्हणजे सरकारी चाचणीचा आकडा एक्सटीला गॅलनला गावात २३ माइल, हायवेला ३०, मिळून २६. ३.६आर ला २०, २७ आणि २२. मला गावात २१ मिळतं, माझं ऑफिस चारच माइलवर आहे त्यामुळे इंजिन गरम होईतो पोचतो. फोर्ट कॉलिन्सला सपाट रस्त्याने शांतपणे गेलो की २९. डोंगरात जाऊन-येऊन २५. टपावर बॉक्स लावला की २२ आणि त्याला गाडीचा दोष देता येत नाही, वाऱ्याला आडवं लावल्यावर दुसरं काय होणार. एक मात्र आहे, टर्बोला सारखं दाबत राहिलात तर हे आकडे विसरा, कुठलीही टर्बो गाडी दाबली की पितेच. तरी वर्षाला बारा हजार माइल धरले तर २२ आणि २६ मध्ये चौऱ्याऐंशी गॅलनचा फरक पडतो, हा काही छोटा नाही.

पेट्रोलवरून आठवलं, कोलोराडोत नवीन आलेल्यांनी हे लक्षात ठेवाच. इथे पंपावर सगळ्यात स्वस्त 'रेग्युलर' असतं ते ८५ ऑक्टेन (हा आकडा जेवढा जास्त तेवढं पेट्रोल दाबाखाली वेळेआधी पेटत नाही), देशात बहुतेक ठिकाणी रेग्युलर म्हणजे ८७. गाडीच्या पुस्तकात ८७ लिहिलंय, म्हणजे इथे मधलं बटण दाबायचं. गाडी विकणारा मला म्हणाला की ८५ टाका इथे सगळे तेच टाकतात, उंचीवर चालतं. मी पहिल्या दोन टाक्या तेच भरलं, बायकोने पुस्तक वाचून विचारलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते 'उंचीवर चालतं' हे जुन्या कार्बोरेटरच्या साध्या इंजिनांच्या काळातलं आहे, विरळ हवेत सिलिंडरमधला दाबच कमी व्हायचा म्हणून नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटून होणारी खटखट, कमी. टर्बो तर हवा परत दाबतो, मग उंचीची सवलत राहिली कुठे? नॉकिंग मला ऐकू आलं नव्हतं, इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन सांभाळून घेतो, पण ८७ टाकायला लागल्यापासून चढावर गाडी मोकळी वाटते हे मी शपथेवर सांगेन. ३.६आर च्या पुस्तकात पण ८७ च आहे, म्हणजे तिथे काही पैसे वाचले नसते.

आता टर्बोची दुसरी बाजू, कारण फक्त कौतुक लिहून कुणाचा फायदा नाही.

सिग्नलवरून निघताना पहिला एक सेकंद गाडी मऊ वाटते. टर्बो फिरायला लागेपर्यंत ते साधं २.४ इंजिनच असतं आणि इथल्या हवेत साधं २.४ म्हणजे अजूनच कमी. समोरून गाड्या येत असताना डावीकडे वळायचं असतं तेव्हा हे जाणवतं, दाबली, क्षणभर काही नाही आणि मग एकदम येते. आता सवय झालीय, मी थोडं आधी हलकं दाबून ठेवतो आणि जागा जरा जास्त बघून निघतो. बायकोला ही गोष्ट आवडत नाही आणि तिचं बरोबर आहे. ३.६आर इथे सरस होती, जेवढं दाबू तेवढं आणि त्याच क्षणी. तिची स्मूदनेस पण वेगळीच, सहा सिलिंडर आडवे झोपवलेले, हात ठेवला तर कळणार नाही इंजिन चालू आहे की बंद.

दुसरं, उतार. हे विकत घेताना कुणी सांगत नाही. टनेलमधून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा लांबच लांब उतार आहे, ट्रकवाल्यांसाठी ब्रेक फेल झाला तर वळवायला खास रॅम्प केलेत तिथे. मोठं इंजिन पाय काढला की गाडीला जास्त धरून ठेवतं, छोटं इंजिन तेवढं धरत नाही. गेल्या जूनमध्ये बाबा शेजारी बसले होते. बाबा एसटीच्या वर्कशॉपला होते, सातारा डेपो, सगळं आयुष्य इंजिनाखाली गेलं त्यांचं. मी दोनदा ब्रेक मारला तसे म्हणाले, "ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक कशाला जाळतोस?" मी म्हटलं बाबा हिला गिअरच नाहीत, सीव्हीटी आहे, म्हणजे टप्पे नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ते म्हणाले, "मग ती स्टिअरिंगमागची पानं कशाला दिलीत?" आणि खरंच, मॅन्युअल मोड लावून पॅडलने दोन खटके खाली आणले, आरपीएम साडेतीन-चार हजारावर गेलं आणि गाडी पंचावन्नला जवळपास स्वतःच धरून खाली आली, ब्रेकला अधूनमधून नुसता पाय लागला. तेव्हापासून मी प्रत्येक उतार असाच उतरतो. पण एवढं मान्य करतो की ३.६ ने हे काम जास्त सहज केलं असतं.

बाबांनी दुसरी लावलेली सवय म्हणजे घाट चढून आल्या आल्या गाडी बंद करायची नाही. त्यांच्याकडे टर्बोच्या बस आल्या तेव्हा ड्रायव्हरांना तसंच सांगायचे, पंखा लाल झालेला असतो, बंद केलं की तेल फिरायचं थांबतं आणि आतल्या आत जळतं. आताच्या टर्बोला पाण्याचं कूलिंग असतं त्यामुळे एवढी भीती नाही, पण लव्हलँड पासवर, ते ११,९९० फुटांवर आहे, गाडी लावताना शेवटचा माइल मी हळू येतो आणि लावल्यावर अर्धा मिनिट तशीच चालू ठेवतो. काही जात नाही आपलं.

तेलाबद्दल मी थोडा कडक झालोय. पुस्तकात सहा हजार माइल किंवा सहा महिने, मी साडेचार-पाच हजाराला बदलतो. डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) टर्बो इंजिन आणि चार-चार माइलच्या थंड चकरा, असं असलं की थोडं पेट्रोल तेलात मिसळत राहतं, हे या जातीच्या इंजिनांचं दुखणंच आहे. आठवड्यातून एकदा तरी तिला अर्धा-पाऊण तास हायवेला नेतो म्हणजे तेल नीट तापतं. तुम्ही जर रोज फक्त शाळा-ऑफिस-दुकान एवढंच करणार असाल आणि डोंगरात वर्षातून दोनदा जाणार असाल तर मला वाटतं टर्बोच्या नादी लागू नका. टायमिंग बेल्टची भानगड मात्र दोन्हीत नाही, दोन्हीला चेन आहे.

सप्टेंबरमध्ये छोटा ट्रेलर भाड्याने घेऊन ब्युएना व्हिस्टाला गेलो होतो, ट्रेलर दीड हजार पाउंडाचा, एक्सटी ३५०० पर्यंत ओढू शकते आणि ३.६आर ३००० पर्यंत. वाटेत केनोशा पास लागतो, दहा हजार फूट. पाच माणसं, सामान, मागे ट्रेलर आणि आम्ही पंचावन्नवर चढलो, पाय पूर्ण दाबावा लागला नाही एकदाही. टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही. ॲव्हरेज १६. आई मागे झोपली होती, चढ संपल्यावर उठून म्हणाली आला का घाट? मला त्या दिवशी गाडीचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

हिवाळ्याबद्दल जास्त लिहीत नाही कारण ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद, दोन्हीला सारखाच, इंजिनाचा त्यात संबंध नाही. फक्त टायर. आय-७० वर मॉरिसनपासून डॉटसेरोपर्यंत १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शन लॉ (गाडी घसरू नये म्हणून टायरचा नियम) असतो, ऑल-व्हील असली तरी टायरला ३/१६ इंच नक्षी उरलेली पाहिजे. माझे ऑक्टोबरमध्ये काठावर आले होते, चारही बदलले.

न्यू जर्सीचा मित्र डिसेंबरमध्ये आला होता, त्याला किल्ली दिली आणि जॉर्जटाउनहून टनेलपर्यंत त्यालाच चालवू दिलं. साडेआठ हजार फुटांवरून सरळ अकरा हजाराला नेणारा चढ आहे तो. वर पोचेपर्यंत तो काही बोलला नाही, मग म्हणाला माझी इथे अशी चढली नसती. आणि मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा समुद्राच्या पातळीवर त्याची ३.६ चालवलीय, तिथे तिचे २५६ च्या २५६ असतात, पाय लावला की निघते, मी तिथे राहत असतो तर मी पण तीच घेतली असती आणि पेट्रोलचा फरक सहन केला असता.

कुणी सखल भागात राहून ३.६आर बघत असेल तर एक सांगतो, २०१९ नंतर आउटबॅकमध्ये ते इंजिन आलंच नाही, त्यामुळे सगळ्यात नवी म्हटली तरी आता वय झालेली मिळणार. तेल बदलल्याच्या पावत्या मागा, सीव्हीटीचं फ्लुइड कधी बदललं ते विचारा, चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते वाकून बघा, कारण ऑल-व्हीलमध्ये एक टायर नवा आणि तीन जुने असे कुणी चालवले असतील तर त्याचा भार आतल्या क्लचवर पडतो. आणि टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका, घरची सगळी माणसं बसवून घ्या आणि जवळ जो काही चढ असेल त्यावर न्या.