थंडरहिलच्या ट्रॅकवर जाण्याआधी पैसे कुठे घालावेत

निकाल आधीच देऊन टाकते. ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, पहिल्यांदा जाणाऱ्याने हेल्मेट चांगलं घ्यावं, शेजारी इन्स्ट्रक्टर बसवणारा क्लब शोधावा, ब्रेक ऑइल बदलून घ्यावं आणि रंगीत पट्ट्यांच्या हार्नेसकडे, म्हणजे शर्यतीतल्या सीटबेल्टकडे, तूर्त ढुंकूनही बघू नये. गंमत अशी की मला फोन करणाऱ्या बहुतेकांनी हार्नेस आधीच कार्टमध्ये टाकलेला असतो आणि हेल्मेटचं विचारलं की म्हणतात, "बाइकचं आहे ना घरात." म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवीन.

माझी गाडी २००१ची माझदा मियाटा, मॅन्युअल, उघड्या टपाची. ट्रॅक थंडरहिल, म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियातल्या विलोज गावाच्या पश्चिमेला, फ्रीमाँटहून तीनेक तास. एससीसीए या अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या सॅन फ्रान्सिस्को रीजनचा हा ट्रॅक १९९३ साली सुरू झाला. आजचा पूर्वेकडचा ट्रॅक ३ मैलांचा आणि १५ वळणांचा. आजूबाजूला वाळकं गवत, टेकड्या आणि उन्हाळ्यात नागपूरची आठवण यावी असं ऊन. पाण्याचा कॅन न्याच.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. कोल्हापुरात बसलेल्या माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही, पण खरंच नव्हे. वेळ मोजत नाहीत, नंबर काढत नाहीत, बक्षीस नाही. अनुभवाप्रमाणे गट पाडतात, प्रत्येक गट तासाला वीसेक मिनिटं ट्रॅकवर जातो आणि मधल्या वेळात नवशिक्यांचा वर्ग भरतो. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर, आणि तेही पुढच्याने हात बाहेर काढून बाजू दाखवली तरच.

आता हेल्मेट. मागच्या बाजूला आत, अस्तराखाली स्नेलचं स्टिकर असतं. पीट स्नेल हा ड्रायव्हर १९५६ साली शर्यतीत डोक्याला मार लागून गेला आणि पुढच्या वर्षी त्याच्या नावाने फाउंडेशन निघालं. तेव्हापासून हेल्मेट फोडून बघणं हे त्यांचं काम. स्टिकरवर 'एम' असेल तर ते मोटरसायकलचं, 'एसए' असेल तर गाडीच्या शर्यतीचं. एसएच्या चाचणीत अस्तराला आग लावून बघतात आणि रोल बारसारख्या (सीटमागची लोखंडी कमान) गोल लोखंडावरही आपटतात. मोटरसायकलवाला गाडीपासून उडून लांब पडतो. आपण मात्र लोखंडाच्या पिंजऱ्यातच असतो आणि डोकं पुन्हा पुन्हा त्याच नळीवर आदळू शकतं, म्हणून ही वेगळी परीक्षा. काही क्लब एम चालवून घेतात, पुष्कळ घेत नाहीत. भारतातून आणलेलं आयएसआय मार्कचं तर गेटवरच परत करतील. त्यामुळे घ्यायचंच तर एसए घ्या. साध्या बनावटीचं तीन-चारशे डॉलरपर्यंत मिळतं, आणि स्टिकर तेच असेल तर कार्बन फायबरचे जादा पैसे वजन थोडं कमी होण्याचे, बाकी मिरवण्याचे.

ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन डोक्यात घाला. मी ज्या दुकानात गेले तिथल्या काउंटरवरच्या पोराने मला हेल्मेट घालून वीस मिनिटं तसंच बसवलं आणि स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला. काढल्यावर कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा लाल डाग. "तुमचं डोकं लांबट आहे, हे गोल डोक्याचं," असं म्हणून दुसऱ्या कंपनीचं आणलं. गाल असे दाबले गेले पाहिजेत की बोलताना आतून गालच चावला जावा. पट्टा आवळल्यावर त्याने मागून हेल्मेट धरून पुढे ओढलं, निघालं नाही, तेव्हा कुठे पास. बायकांसाठी एक जादा सूचना, जी कुठल्याच परीक्षणात सापडत नाही: अंबाडा घालून हेल्मेट बसत नाही. मानेपाशी खाली, सैल, एक वेणी, आणि धातूची एकही पिन नको. आत बालाक्लावा, म्हणजे डोकं-मान झाकणारी कापडी टोपी, घातली की घाम अस्तरात मुरत नाही.

उघड्या टपाची गाडी असेल तर खरा खर्च रोल बारचा. गाडी उलटली तर पुढची काच डोकं वाचवायला पुरी पडत नाही, म्हणून सीटमागे लोखंडी कमान हवीच. मी हार्ड डॉगचा बार बसवला. बोल्टने बसतो, वेल्डिंग नाही, आणि जुन्या मियाटावाल्यांमध्ये हे नाव सर्वांना ठाऊक आहे. बसवायला मागचा सगळा गालिचा आणि प्लॅस्टिक उचकटावं लागतं. शनिवार-रविवार त्यातच गेला, पण जोड घट्ट आहेत, खड्ड्यावरून जाताना पूर्वी होणारी खडखडही कमी झाली. बारवरचा फोम मात्र मोटरस्पोर्टचा, कडक, एसएफआय ४५.१ (शर्यतीच्या सामानाचं अमेरिकन मानक) लिहिलेलाच घ्या. होम डेपोतला पाइपवरचा मऊ फोम बोटाने दाबला तरी चपटा होतो, तो डोक्याला काय थांबवणार?

बार बसवला म्हणजे संपलं नाही. तपासणीला क्लबचा माणूस चक्क झाडूची काठी घेऊन येतो. एक टोक रोल बारच्या माथ्यावर, दुसरं पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर, आणि तुम्ही हेल्मेट घालून, पट्टा लावून आत बसायचं. हेल्मेट काठीला लागलं की घरी. काही क्लबना काठी आणि हेल्मेट यांच्यात दोन इंच मोकळे लागतात. मी पाच फूट तीन इंच, माझ्या डोक्यावर अजून एक वही मावली असती. नवरा सहा फुटांच्या वर. तो बसला, पाय पसरले, पाठ वाकवली, श्वास सोडला, तरी काठी हेल्मेटवर टेकून तिरकी उभी. तपासणाऱ्याने दोनदा बघितलं, मग काठी काखेत मारून म्हणाला, "छान हेल्मेट आहे." तेव्हापासून नवरा टायरच्या हवेचा हिशेब ठेवतो आणि डबे उघडतो. उंच माणसांनी मियाटा घेण्याआधी हा प्रयोग घरी, साध्या काठीने करून बघावा. सीटचा फोम काढून टाकणं किंवा खाली बसणारी सीट घेणं हे दोनच उपाय आहेत, आणि दुसरा महाग आहे.

आता त्या हार्नेसबद्दल, कारण इथेच लोक पैसे देऊन गाडी आधीपेक्षा धोक्याची करून घेतात. एका ट्यूनिंगच्या दुकानात मला सेलमधला हिरवागार चार-पॉइंट हार्नेस दाखवला होता: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, मध्ये बकल. दिसायला नाद खुळा. पण मांड्यांमधून येणारा पट्टा नाही. समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे ताणले जातात, बकल वर ओढतात, कमरेचा पट्टा हाडावरून सरकून पोटावर येतो आणि माणूस खालून निसटतो. कंपनीने दिलेला तीन-पॉइंट पट्टा एअरबॅगसकट एकत्र तपासून बसवलेला असतो, त्यात असं अर्धवट काही नसतं. दुसरं म्हणजे हार्नेस तुम्हाला ताठ बांधून ठेवतो. बंद गाडीचं छप्पर दबलं तर साध्या पट्ट्यात शरीर बाजूला कलू शकतं, हार्नेसमध्ये कलत नाही. म्हणून हार्नेस हवा तर रोल बार हवा, खांद्याचे पट्टे योग्य उंचीला बांधायला आडवी नळी हवी, पट्ट्यांसाठी भोकं असलेली सीट हवी, आणि शरीर बांधलं गेल्यावर डोकं एकटंच पुढे झेपावतं म्हणून डोकं-मान धरून ठेवणारं हान्स हे उपकरण हवं. त्यातलं एक घेऊन बाकीचं पुढच्या बोनसवर ढकलणं, हे या खरेदीत चालत नाही.

हान्सची गोष्ट मला फार आवडते. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतले बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतीतले ड्रायव्हर जिम डाउनिंग. १९८१ साली दोघांचा मित्र, ड्रायव्हर पॅट्रिक जॅकमार अपघातात गेला, तेव्हा कवटीच्या तळाचं हाड मोडू नये यासाठी दोघांनी हे उपकरण काढलं. वर्षानुवर्षं ड्रायव्हर नाक मुरडत राहिले: जड आहे, मान वळत नाही. १८ फेब्रुवारी २००१ला डेटोनाच्या शर्यतीत नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला आणि त्याच वर्षी नॅसकारने, म्हणजे त्या अमेरिकन शर्यती भरवणाऱ्या संस्थेने, डोक्याला आधार देणारं उपकरण सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनमध्ये सक्ती २००३ला आली. साल्या-मेहुण्यांनी काढलेली वस्तू पटायला जगाला वीस वर्षं लागली.

वापरायला कसं आहे? खांद्यावर एक कडक जू बसतं, त्यावरून हार्नेसचे पट्टे जातात आणि दोन छोट्या दोऱ्या हेल्मेटला दोन्ही बाजूंनी अडकतात. माझं २० अंशांचं, सर्वसाधारण सीटला तेच चालतं. गळपट्टीच्या हाडावर पहिले काही तास टोचतं, खाली पातळ पॅड लावलं की जातं. मान पूर्ण वळत नाही हे मात्र खरं, त्यामुळे आतला रुंद आरसा लावावाच लागतो. आणि नीट ऐका: हान्स साध्या तीन-पॉइंट पट्ट्याबरोबर चालत नाही, कारण त्याला दोन्ही खांद्यांवर पट्टा लागतो. तीन-पॉइंटवर चालणारी सिम्पसनच्या हायब्रिड एससारखी वेगळी उपकरणं आहेत, मूळ पट्टा ठेवणाऱ्यांनी ती बघावीत.

मी शेवटी सगळं एकदम केलं: सीट, सहा-पॉइंट हार्नेस, हान्स. सगळं दोन्ही बाजूंना, कारण इन्स्ट्रक्टरला तुमच्याइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे असा बहुतेक क्लबांचा नियम आहे, आणि रास्त आहे. पट्ट्यांवर तारीख असते. एसएफआयचे दोन वर्षांत बाद, एफआयएचे (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) पाच वर्षांनी, म्हणून किंमत जास्त वाटली तरी एफआयएवाले घेतले. गावात दूध आणायला जाताना मूळचाच पट्टा लावते.

या सगळ्याच्या आधी बराच काळ मी साध्या पट्ट्यावर, रोल बार आणि हेल्मेट एवढ्यावर चालवत होते, आणि शिकले ते तेव्हाच. ते शिकवलं क्लबने दिलेल्या इन्स्ट्रक्टरने. सत्तरीचे गृहस्थ, निवृत्त विमान मेकॅनिक, आवाज इतका शांत की इंटरकॉम बंद पडलाय असं वाटावं. मी मनातल्या मनात त्यांना सरच म्हणते. ट्रॅकवर जाण्याआधी त्यांनी विचारलं ते वेगाबद्दल नव्हतं: "लाल झेंडा दिसला तर काय करशील?" मी म्हणाले, ब्रेक. "आधी आरसा, मग ब्रेक. आणि थांबायचं कुठे? जिथून पुढच्या चौकीतला माणूस दिसेल तिथे." काळा झेंडा म्हणजे पिटमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबायच्या जागेत) ये, बोलायचंय. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्त्यावर तेल नाहीतर तुकडे. वर्गात हे फळ्यावर होतं, पण डोक्यात बसलं ते गाडीत.

पाचव्या वळणाला तिथे सायक्लोन म्हणतात. चढ असा की समोर फक्त आभाळ. रस्ता पलीकडे खाली पडतो, पण तो दिसत नाही. पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. सर म्हणाले, "चढाच्या आधी ब्रेक संपव. माथ्यावर गाडी हलकी होते, तिथे तिला काहीही सांगू नकोस." पुढच्या फेरीला तेच वाक्य. त्याच्या पुढच्या फेरीला ते गप्प, आणि माथ्यावर गाडी एखाद्या सुतासारखी सरळ गेली. मग दुसरं वळण, डावीकडे लांबच लांब, संपतच नाही असं. तिथे त्यांनी माझ्या समोर हात धरून बोट बाजूच्या खिडकीकडे वळवलं: बॉनेटकडे नाही, वळण जिथे संपतंय तिकडे बघ. पन्नास मैलांच्या वेगात बाजूच्या खिडकीतून बघत गाडी चालवायची हे ऐकायला वेडेपणाचं आहे. करून बघा, स्टिअरिंगची थरथर थांबते.

बाहेर जाण्याचेही धडे असतात. दोन चाकं मातीत गेली तर झटक्याने परत आणायचं नाही, कारण चाकांना अचानक पकड मिळते आणि गाडी आडवी होऊन ट्रॅकच्या पलीकडे जाते. सरळ मातीत जाऊ दे, वेग कमी कर, मग हळू ये. गाडी गोल फिरायला लागली तर क्लच आणि ब्रेक, दोन्ही पाय खाली. माझ्या पुढच्या निळ्या सिव्हिकवाल्याने नेमकं उलट केलं. धूळ बसल्यावर तो पार दुसऱ्या बाजूच्या गवतात दिसला, स्वतःवरच हसत. नंतर पिटमध्ये त्याच्या गाडीखाली वाकून दोघे जण सायलेन्सरला चिकटलेलं वाळकं गवत काढत होते. उन्हाळ्यात त्यालाच आग लागते. हे दोन धडे मला कुठल्याही सामानाच्या किमतीपेक्षा मोठे वाटतात, आणि दिवसाच्या फीमध्येच येतात. इन्स्ट्रक्टर बहुतेक हौशी, बिनपगारी असतात. जेवणाच्या वेळी सरांना थालीपीठ दिलं, ते त्यांनी टॉर्टिया समजून गुंडाळून खाल्लं.

सगळे क्लब असे नाहीत. एका दिवशी, दुसऱ्या एका संस्थेकडे, नवशिक्यांना दहा मिनिटांचं भाषण देऊन थेट एकटं सोडलं. फी कमी होती. तिथे पुन्हा जाणार नाही. नोंदणी करताना एकच प्रश्न विचारा: नवशिक्याच्या गाडीत इन्स्ट्रक्टर बसतो का? उत्तर लांबलं तर पुढचा क्लब बघा.

राहिलं किरकोळ, जे किरकोळ नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मग लवकर उकळतं. उकळलं की पेडल थेट जमिनीला. मी मोतूलचं आरबीएफ ६०० भरते, कोरडं असताना ते ३१२ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ब्रेक पॅड अर्धे झिजले असतील तर बदला. कपडे सुती, लांब बाह्यांचे, पॉलिएस्टर नको कारण ते वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळाचे. सकाळी चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा, आणि दुपारी परत एकदा. विम्याची पॉलिसी आदल्या आठवड्यात वाचा: बऱ्याच नेहमीच्या पॉलिसींमध्ये ट्रॅकवरचं नुकसान वगळलेलं असतं, फक्त एका दिवसाचा वेगळा विमा मिळतो.

आणि हेल्मेट आत्ता घेणाऱ्यांसाठी: एसए२०२५ची नवी हेल्मेटं आली आहेत, त्यामुळे एसए२०२०चा साठा सवलतीत निघेल. डोक्याला बसत असेल तर खुशाल घ्या. एसएचं मानक दर पाच वर्षांनी बदलतं आणि क्लब सहसा शेवटची दोन चालवतात. फक्त पैसे देण्याआधी आपल्या क्लबचं नियमपत्रक उघडून तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.