पथदिव्याच्या खांबावरची पेटी कुणाची? आरटीएल-एसडीआर व्ही४ डोंगल या कामात कितपत उतरतो

निकाल आधीच सांगायचा तर, खांबावरच्या अनोळखी पेटीतून निघणारा सिग्नल १.७ गिगाहर्ट्झच्या खाली असेल तर आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही४ डोंगल (यूएसबीला लावून आसपासचे रेडिओ सिग्नल लॅपटॉपच्या पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर) पैसे वसूल करून देतो. पेटी वाय-फाय किंवा ब्लूटूथवाली असेल तर तो पिशवीतच राहू द्या, तिथे अँड्रॉइड फोन पुरतो. आणि दोन्ही बाहेर काढण्याआधी खांबावरची वायर नीट बघितली तर निम्मं कोडं तिथेच सुटतं.

वायरीचं आधी, कारण हे फुकट आहे. आपल्याकडे बहुतेक रस्त्यांवर पथदिव्यांची अख्खी ओळ फीडर पिलरमधल्या (रस्त्याकडेच्या वीज वाटपाच्या पेटीतल्या) कॉन्टॅक्टर नावाच्या मोठ्या स्विचवरून चालू-बंद होते. म्हणजे दिवसा खांबावरच्या दिव्याच्या वायरीत वीजच नसते. त्या वायरीवर बसलेलं कुठलंही उपकरण (आत बॅटरी नसेल तर) दिवसभर मेलेलं असतं. उलट कॅमेरा, वाय-फाय, मोबाइलचा छोटा सेल, मीटरच्या नोंदी गोळा करणारी पेटी यांना चोवीस तास वीज लागते. त्यांना वेगळी केबल असते, किंवा खाली बॅटरीची पेटी, किंवा वर सौर पॅनेल. काळी बारीक फायबर केबल वर चढताना दिसली तर कॅमेरा किंवा मोबाइल सेल. वायर दिव्यातूनच आलेली असेल तर ते दिव्याचं नियंत्रण, असं समजून पुढे जायला हरकत नाही.

आकारही बोलतो. दिव्याच्या डोक्यावर उलट्या वाटीसारखी टोपी असेल तर ती नेमा नावाच्या प्रमाणित सॉकेटवर बसवलेली आहे. तीन पिनांचं सॉकेट साध्या फोटोसेलचं, म्हणजे अंधार पडला की दिवा लावणाऱ्या सेन्सरचं. सात पिनांच्या सॉकेटवर, म्हणजे तीन विजेच्या आणि चार मंद करण्याच्या व सेन्सरच्या, वायरलेस नोड (दिवा दुरून चालवणारं, रेडिओवरून बोलणारं उपकरण) बसू शकतो. खालून पिना दिसत नाहीत, पण टोपीला प्रकाशासाठी पारदर्शक खिडकी आहे आणि रस्त्यावर मोजक्याच दिव्यांना ती टोपी आहे, तर बहुधा साधा फोटोसेल. ओळीतल्या प्रत्येक दिव्याला टोपी असेल तर बहुधा नोड. त्याहून लहान, दिव्याच्या वर किंवा खाली बसणारी गोल चकती झागा या दुसऱ्या प्रमाणित सॉकेटची, २४ व्होल्टवर चालणारी. पांढरा चपटा पॅनेल समोरच्या दुसऱ्या तशाच पॅनेलकडे तोंड करून असेल तर तो ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय दुवा, बहुतेक वेळा कॅमेऱ्याचं चित्र पोचवणारा. एकावर एक ठेवलेल्या पांढऱ्या ताटल्या म्हणजे हवामान किंवा हवेच्या गुणवत्तेचा सेन्सर. राखाडी पेटी आणि तिला बोटाएवढी किंवा हातभर अँटेना, इथे मात्र डोळे थांबतात आणि डोंगलचं काम सुरू होतं.

संचात डोंगल, द्विध्रुवी (दोन दांड्यांच्या) अँटेनाचा पाया, टेलिस्कोपिक दांड्यांच्या दोन जोड्या, ३ मीटरची केबल, छोटा ट्रायपॉड आणि काचेला चिकटणारं होल्डर येतं. या कामाला फक्त लहान जोडी लागते, ५ ते १३ सेंटीमीटरवाली. प्रत्येक दांडी ८.२ सेंटीमीटरवर ठेवा. ८६६ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण तेवढीच भरते. अँटेना उभी धरा, खांबावरच्याही बहुतेक उभ्याच असतात. ३ मीटरची केबल घरीच ठेवा: इतक्या बारीक केबलमध्ये या वारंवारतेला दर मीटरला डेसिबलभर सिग्नल जातो.

८६६ च का? भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. लोरा (कमी विजेवर लांब पोचणारी रेडिओ पद्धत) वापरणारे नोड, विजेच्या स्मार्ट मीटरचं आरएफ मेश जाळं (पेट्या एकमेकींमार्फत निरोप पुढे पाठवतात ते), वाय-सन ही मेश पद्धत वापरणारे पथदिवे, सगळे इथेच दाटीवाटीने बसलेले. फास्टॅगचे रीडरसुद्धा याच पट्ट्यात बोलतात, त्यामुळे टोल नाक्याजवळ ही तपासणी करू नका, स्क्रीन भरून नुसता फास्टॅगच दिसेल.

विंडोजवर डोंगल पहिल्यांदा लावल्यावर झाडिग हा छोटा प्रोग्रॅम चालवून ड्रायव्हर बदलावा लागतो. पर्यायांमधून सगळी उपकरणं दाखवायला सांगा, बल्क-इन, इंटरफेस शून्य निवडा, विनयूएसबी बसवा. इथे चुकून कीबोर्ड निवडला तर कीबोर्ड बंद पडतो, म्हणून नाव दोनदा वाचा. व्ही४ ची खरी खोड पुढे आहे. त्याला आरटीएल-एसडीआर ब्लॉगचाच ड्रायव्हर लागतो. जुनी लायब्ररी असेल तर सॉफ्टवेअर बिनतक्रार उघडतं, धबधबा (वेळेनुसार सरकत जाणारं सिग्नलचं चित्र) पडतो, पण त्यात काहीच सापडत नाही किंवा भलत्याच ठिकाणी सापडतं. बरेच लोक इथे डोंगल खराब समजून परत पाठवतात. खात्री करायची तर सॉफ्टवेअर टर्मिनलमधून चालवून बघा: व्ही४ सापडल्याची ओळ उमटली पाहिजे आणि ट्यूनर आर८२८डी दिसला पाहिजे. तो दिसत नसेल आणि ड्रायव्हर बरोबर असेल, तर हातात नक्कल आहे.

एसडीआर++ या डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नमुना दर २.४ मेगाहर्ट्झ, मध्य ८६६.०. खिडकी ८६४.८ ते ८६७.२ एवढीच मिळते, म्हणजे अख्खा पट्टा एका नजरेत बसत नाही. ८६७ च्या वरचा भाग दुसऱ्या फेरीत बघावा लागतो. आपोआप गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) बंद करा आणि हाताने २० ते २५ डेसिबलच्या आसपास ठेवा. ही सूचना टाळली तर पुढचं सगळं वाया, कारण लगेच वर, ८६९ पासून ८९४ पर्यंत, ८५० बँडच्या ४जी टॉवरचा आवाज आहे आणि डोंगलचा मेंदू फक्त ८ बिटांचा, मोठ्या आवाजाने लगेच गोंधळणारा. जवळ टॉवर असताना गेन ४९ वर नेला की ८६६ मध्ये नसलेले सिग्नल उगवतात. खरं-खोटं पारखायची सोपी युक्ती: गेन एक पायरी कमी करा. खरा सिग्नल तेवढाच खाली येतो, भुताचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट कोसळतो. टॉवर अगदीच डोक्यावर असेल तर ८६८ चा सॉ फिल्टर (तेवढाच पट्टा आत सोडणारी चाळणी) मध्ये लावण्यावाचून इलाज नाही.

आता वेळ. दिव्याच्या नोडसाठी दुपारी जाऊन काही हाती लागत नाही. सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी खांबाखाली लॅपटॉप उघडून बसा आणि ओळ पेटताना नोंद सुरू ठेवा. कॉन्टॅक्टर बसला की दिवसभर मेलेले सगळे नोड एकदम जागे होतात आणि आपापल्या जाळ्याला हजेरी लावतात. लोरावान (लोरावर चालणारी जाळ्याची पद्धत) असेल तर भारतातल्या मूळ तीन वाहिन्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ वर १२५ किलोहर्ट्झ रुंदीचे ठोकळे पडू लागतात. हजेरीला उत्तर बरोबर ५ सेकंदांनी, नाहीतर ६ सेकंदांनी येतं. पुढे रात्रभर नेहमीचा निरोप गेला, की त्याचं उत्तर (आलं तर) मूळ मांडणीत १ सेकंदाने त्याच वाहिनीवर, नाहीतर २ सेकंदांनी ८६६.५५ वर. हे घड्याळ जुळलं की लोरावान म्हणायला दुसरा पुरावा लागत नाही.

पण ठोकळ्यावर विश्वासून राहू नये, कारण धबधब्यात सगळेच ठोकळे सारखे दिसतात. एसडीआर++ ची पडद्यावरची गती मुळात कमी असते, तेवढ्यात लोराची तिरकी रेघ चपटी होऊन जाते. त्यासाठी कच्ची नोंद करून ती इन्स्पेक्ट्रम या नोंदी बारकाईने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. २.४ च्या दराने ८ बिटांत नोंदलं तर मिनिटाला २८८ मेगाबाइट भरतात, म्हणून दोन-तीन मिनिटांचेच तुकडे करा. मोठं करून बघितलं की सुरुवातीला आठ समांतर तिरक्या रेघा दिसतात, करवतीच्या दातांसारख्या. एका दाताची लांबी मोजा: १ मिलिसेकंद असेल तर लोराचा विस्तार गुणक (जितका मोठा तितका निरोप सावकाश) ७, ८ असेल तर १०, जवळपास ३३ असेल तर १२. आणि दाताचा उतार बघा. नोड बोलतो तेव्हा रेघ खालून वर चढते. गेटवे (अनेक नोडांचे निरोप गोळा करणारी पेटी) उत्तर देतो तेव्हा ती उलटी, वरून खाली. म्हणजे समोरच्या खांबावर गेटवे बसलाय की साधा नोड, हे एक अक्षरही न उलगडता कळतं. या किमतीच्या उपकरणाकडून यापेक्षा सुंदर काम होत नाही.

दात न दिसता दोन उंचवटे शेजारी-शेजारी दिसले आणि सिग्नल वाहिन्या बदलत पट्टाभर उड्या मारत असेल, तर ते मेश जाळं: वाय-सन पथदिवे किंवा वीज मीटर. दोन्हींमधला फरक घड्याळावरच. मीटरची पेटी दिवसरात्र बोलते, दिव्याचा नोड बहुधा दिवे लागल्यावरच.

फीडर पिलरच्या पेटीला अँटेना असेल तर आत बहुधा ओळ चालू-बंद करणाऱ्या सीसीएमएसचा (दिव्यांच्या केंद्रीय नियंत्रण यंत्रणेचा) मोडेम असतो. २जी असेल तर ८९० ते ९१५ मध्ये २०० किलोहर्ट्झचे झटके दिसतात. अडचण अशी की शेजारून जाणाऱ्याचा फोनही तिथेच दिसतो. दोन-तीन संध्याकाळी त्याच मिनिटाला झटका आला तरच पेटीचा धरा. ४जी मोडेम मात्र या डोंगलने फोनांच्या गर्दीतून वेगळा काढता येत नाही.

नेमका खांब शोधायला डोंगल छातीशी धरून जागेवर गोल फिरा. स्वतःचं शरीर मध्ये आलं की सिग्नल पडतो, म्हणजे पेटी पाठीमागे. फार जवळ गेल्यावर सगळ्याच दिशा सारख्या वाटतात. तेव्हा अँटेना काढून नुसत्या डोंगलने बघा. खांबाला हात लावू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. चढण्याचा प्रश्नच नको.

वाय-फाय आणि ब्लूटूथसाठी नॉर्डिक या चिप कंपनीचं एनआरएफ कनेक्ट आणि एखादं वाय-फाय अॅनालायझर, ही फोनवरची अॅप पुरतात. अँड्रॉइडमध्ये विकसक पर्यायांत जाऊन वाय-फाय स्कॅनवरची मर्यादा बंद करा, नाहीतर दोन मिनिटांत चारच स्कॅन मिळतात. आयफोन इथे निरुपयोगी, तो ब्लूटूथचा खरा पत्ताच दाखवत नाही. तीस मीटरवरून चालत या आणि खांबाखाली सिग्नल शिगेला पोचतो का बघा. उपकरणाच्या पत्त्याचं (मॅक अॅड्रेसचं) दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो वाय-फाय पत्ता कारखान्याने दिलेला नाही, त्यावरून कंपनी शोधू नका. कंपनी सापडली तरी जपून: ब्लूटूथमधला ००५९ हा क्रमांक नॉर्डिकचा आहे, पण नॉर्डिक चिप बनवते, पेटी नव्हे.

दुर्बिणीने किंवा फोनच्या झूमने लेबल वाचता आलं तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक शोधा, त्यावरून निर्माता निघतो. एफसीसी (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) क्रमांक असेल तर तिच्या नोंदीत अनेकदा आतले फोटोही मिळतात, फक्त तो क्रमांक आतल्या मॉड्यूलचाही असू शकतो. आणि मालक कोण, हे कुठलाही डोंगल सांगत नाही. खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून महापालिकेच्या विद्युत विभागाकडे १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. 'ही पेटी काय आहे' असं विचारू नका, 'खांब क्रमांक अमुकवर उपकरण बसवण्यास दिलेल्या परवानगीच्या आदेशाची प्रत' असं मागा. पहिल्या प्रश्नाला टोलवाटोलवी होते, दुसऱ्यात कागद मागितलेला असतो.

सिग्नलचा आकार, वेळ आणि वारंवारता बघणं इथवरच थांबा. आतला मजकूर उघडायचा प्रयत्न हा कायद्याने गुन्हा आहे, आणि ओळख पटवायला त्याची गरजही पडत नाही.

खरेदीबद्दल: घरात याच डोंगलची आधीची आवृत्ती व्ही३ असेल तर व्ही४ घेऊ नका. व्ही४ ची सुधारणा मुख्यतः लघुलहरींसाठी आहे, ८६६ ला तिचा उपयोग नाही, आणि व्ही३ ला ड्रायव्हरची कटकटही कमी. निळ्या प्लॅस्टिकचे स्वस्त डोंगल मात्र टाळा. त्यांची वारंवारता ५० पीपीएमने (दहा लाखांत ५० ने) सरकलेली असली तर ८६६ ला ४३ किलोहर्ट्झचा फरक पडतो आणि गरम झाल्यावर तो आणखी हलतो. व्ही३ आणि व्ही४ मध्ये तो एका किलोहर्ट्झच्या आत राहतो. धातूचा डबा चालताना चटका बसेल इतका तापतो, तो दोष नाही. यूएसबी पोर्टवर मात्र डोंगलच्या वजनाचा ताण पडू देऊ नका, वीतभर एक्स्टेंशन केबल लावा.