नैनितालला मुक्काम कुठे करावा: मल्लीताल, मॉल रोड, तल्लीताल, अयारपाटा की थेट भीमताल?

नैनितालच्या एकाच हॉटेलात राहून आलेलं एक कुटुंब बेहद्द खूश असतं, दुसरं वैतागलेलं असतं, आणि दोघंही खरंच सांगत असतात. एकाला तिसऱ्या मजल्यावरची तळ्याकडची खोली मिळालेली असते. दुसऱ्याला त्याच मजल्यावर मागची, डोंगराच्या भिंतीला टेकलेली खोली मिळते. तिथे खिडकी उघडली की हातभर अंतरावर ओला दगड दिसतो. म्हणून इथे आधी भाग ठरवावा, मग खोली आणि सगळ्यात शेवटी हॉटेलचं नाव. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

भाग ठरवण्याआधी तळ्याची दिशा लक्षात घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,938 मीटर उंचीवरचं हे तळं वायव्येकडून आग्नेयेकडे लांबट पसरलेलं आहे. वायव्येचं टोक म्हणजे मल्लीताल, आग्नेयेचं तल्लीताल. या दोन टोकांना ईशान्य काठाने जोडणारा साधारण दीड किलोमीटरचा रस्ता म्हणजे मॉल रोड, आणि त्याच्या पाठीशी शेर का डांडा हा डोंगर. समोरच्या काठाने ठंडी सडक जाते, तिच्या वर अयारपाट्याचा उतार. कुठली खोली उबदार असेल आणि कुठली दिवसभर गार, हे या रचनेवरूनच ठरतं.

मॉल रोड

तळ्याचं दर्शन हवं असेल तर मॉल रोडला तोड नाही. इथल्या खोल्यांचं तोंड नैऋत्येला असल्यामुळे सकाळचं ऊन उशिरा येतं, पण दुपारनंतर मावळतीपर्यंत खोलीत ऊन राहतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोठा फायदा आहे. फक्त मजला जपून निवडा. तळमजल्यावरच्या खोलीला तळ्याआधी रस्ता दिसतो. हॉर्न, गर्दी, आइस्क्रीमवाल्यांच्या हाका असतात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरा आत येतात म्हणून पडदे लावून बसावं लागतं. तळ्याच्या नावाने जास्तीचं भाडं भरायचं आणि पडदा लावून बसायचं, यात काही अर्थ नाही. दुसरा किंवा तिसरा मजला उत्तम.

मात्र इथल्या अनेक हॉटेलांना लिफ्ट नाही. मॉल रोडसुद्धा एक नसून दोन आहेत, खालचा आणि वरचा, आणि काही हॉटेलं वरच्या मॉलच्याही मागे, चढावर आहेत. ‘मॉल रोडवर’ एवढं लिहिलेलं असलं तरी रस्त्यापासून स्वागतकक्षापर्यंतच 60-70 पायऱ्या असू शकतात. गुडघेदुखी असलेले आईवडील बरोबर असतील तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा.

गाडीचं गणित वेगळंच. हंगामात संध्याकाळी काही तास मॉल रोड वाहनांना बंद असतो, आणि तल्लीतालहून मॉल रोडवर गाडी न्यायची तर लेक ब्रिजच्या नाक्यावर पैसे भरावे लागतात. बहुतेक हॉटेलांकडे स्वतःचं पार्किंग नाही. संध्याकाळी 6 नंतर पोचणार असाल तर सामान तल्लीतालला उतरवून हमालाकरवी किंवा ई-रिक्षाने न्यावं लागेल, हे गृहीत धरा.

मल्लीताल

लहान मुलं आणि आजी-आजोबा एकत्र असतील तर मल्लीताल निवडावं. फ्लॅट्सचं मोठं मैदान, नैनादेवीचं मंदिर, गुरुद्वारा, भोटिया बाजार, स्नो व्ह्यू या डोंगरावरच्या ठिकाणाला जाणाऱ्या रोपवेचं खालचं स्टेशन, होड्यांचा धक्का, सगळं जवळजवळ सपाटीवर, चालत पाच-दहा मिनिटांत. दुपारी मुलं दमली की खोलीवर आणून झोपवता येतात आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडता येतं. दूरच्या हॉटेलातून हे जमत नाही, मग दिवसभर मुलांना ओढत फिरावं लागतं.

शाकाहारी जेवणाची सोयही इथेच सगळ्यात जास्त. बडा बाजारात पराठे, छोले, साधं डाळ-भात सगळं मिळतं. त्यामुळे मल्लीतालला राहताना हॉटेलचं जेवण पॅकेजमध्ये घेऊ नका. ‘सीपी’ म्हणजे फक्त नाश्ता, ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. इथे ‘सीपी’ पुरे.

आवाज हा इथला तोटा. बाजारातल्या गल्लीत खोली असेल तर रात्री उशिरापर्यंत शटर, भांडी, माणसं. तळ्याचं दर्शनही मोजक्याच हॉटेलांतून होतं, बाकीच्यांतून छपरं दिसतात. छपरांवरून माकडं येतात, म्हणून गॅलरीचं दार उघडं ठेवून खाऊ टेबलावर ठेवायचा नाही.

हे फ्लॅट्स मैदान कसं झालं ते मुक्काम ठरवणाऱ्याने जाणून घ्यावं. 18 सप्टेंबर 1880 रोजी मुसळधार पावसात शेर का डांडाचा उतार कोसळला, 151 माणसं गेली, एक मोठं हॉटेल गाडलं गेलं, आणि त्या ढिगाऱ्याने तळ्याचा कोपरा भरून हे सपाट मैदान तयार झालं. त्यानंतर डोंगरावरून पाणी सुरक्षित उतरवण्यासाठी नाल्यांचं जाळं बांधलं गेलं, ते आजही शहराला तारून नेतं. तरी 2018 च्या ऑगस्टमध्ये खालच्या मॉल रोडचा एक तुकडा तळ्यात खचला, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये अयारपाट्यावरच्या टिफिन टॉप या शिखरावरची डोरोथी सीट, म्हणजे दृश्य बघायची दगडी बैठक, दरडीबरोबर कोसळली. जुलै ते मध्य सप्टेंबर जायचंच असेल तर तीव्र उतारावरचं, कच्च्या रस्त्याने पोचायचं हॉटेल घेऊ नये. शिवाय त्या दिवसांत धुक्यामुळे तळं दिवसदिवस दिसत नाही, तेव्हा ‘लेक व्ह्यू’साठी जादा पैसेही देऊ नयेत. ते पैसे कोरड्या, हवेशीर खोलीवर घालवावेत. मागच्या बाजूच्या खोल्यांना पावसाळ्यात ओल धरते, गाद्यांना कुबट वास येतो, आणि अगरबत्ती लावून तो जात नाही.

तल्लीताल

इथे बसस्थानक आणि टॅक्सी स्टँड आहे. सौंदर्य कमी, सोय जास्त. एकट्याने किंवा मित्रांबरोबर कमी खर्चात फिरणाऱ्याला, आणि पहाटे निघून रानीखेत-अल्मोड्याकडे जायचं असलेल्याला हा भाग बरा. कुमाऊं मंडल विकास निगमचं पर्यटक आवास गृहही इथे आहे. निगमच्या जागा मोक्याच्या असतात, खोल्या मोठ्या, सेवा मात्र सरकारी चालीची. स्टँडसमोरची खोली मात्र टाळा, पहाटेपासून बसचे हॉर्न सुरू होतात.

अयारपाटा

ओक आणि देवदाराच्या झाडीत जुने बंगले, काही संस्थानिकांच्या उन्हाळी हवेल्या, त्यांची झालेली हॉटेलं. छायाचित्रांत नैनितालचं सगळ्यात देखणं रूप हेच, आणि शांतताही खरी. नव्या जोडप्यांना, पक्षी बघणाऱ्यांना, पुस्तक घेऊन बसणाऱ्यांना दुसरीकडे जायची गरज नाही.

पण हा उतार ईशान्येकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सकाळी थोडं ऊन येतं आणि दुपार व्हायच्या आत सरतं. उंच छताच्या, लाकडी तक्तपोशीच्या खोलीत डिसेंबर-जानेवारीची रात्र, जेव्हा बाहेर पारा शून्याजवळ जातो, ती साध्या ब्लोअरने निभत नाही. ब्लोअर चालू असेपर्यंतच ऊब देतो आणि घसा कोरडा पाडतो. तेलाचा रेडिएटर हीटर गरम व्हायला अर्धा तास घेतो, पण ऊब धरून ठेवतो. बुकिंग करताना हीटर कोणता, त्याचे रोजचे पैसे वेगळे का, आणि वीज गेल्यावर जनरेटरवर हीटर चालतो का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं, तेव्हा जास्तीच्या रजया आधीच मागून ठेवा. आणि कुणी प्रेमाने कोळशाची शेगडी आणून दिली तरी बंद खोलीत ती रात्रभर कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

बाजार इथून खाली आहे, जाताना 15-20 मिनिटं, येताना दमछाक. रात्रीच्या जेवणासाठी पुन्हा उतरणं होत नाही, म्हणून इथे ‘एमएपी’ घेणंच शहाणपणाचं.

भीमताल आणि नौकुचियाताल

नैनितालपासून सुमारे 22 किलोमीटरवर भीमताल, त्यापुढे चार-पाच किलोमीटरवर नौकुचियाताल. मे-जूनमध्ये स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने जाणाऱ्या कुटुंबाने इथेच उतरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. नैनितालची पार्किंग भरली की पोलीस गाड्या शहराबाहेर रूसी बायपास किंवा नारायणनगरला थांबवतात आणि पुढे शटलने जावं लागतं. सामान, मुलं, म्हातारी माणसं घेऊन ती अदलाबदल फार त्रासाची होते. भीमतालच्या हॉटेलांना बहुधा आवारातच पार्किंग असतं.

भीमताल साधारण 1,370 मीटरवर, म्हणजे नैनितालपेक्षा तीन-चार अंशांनी उबदार. जानेवारीत हे सुख असतं, मेच्या दुपारी मात्र पंखा लागतो, तो खोलीत आहे का विचारा. काठगोदाम या सगळ्यात जवळच्या रेल्वे स्टेशनहून चढही कमी. काठगोदाम 550 मीटरच्या आसपास, तिथून नैनितालपर्यंत जवळपास 1,400 मीटर चढायचं, भीमतालला त्याच्या साठ टक्केच. ज्यांना गाडी लागते त्यांना हा फरक चांगलाच जाणवतो.

तळ्याच्या मधल्या बेटावर मत्स्यालय आहे, होडीने जाता येतं. बाकी इथे करायला फारसं काही नाही आणि रात्री 9 ला सगळं चिडीचूप होतं. प्रत्येक गोष्टीला गाडी लागते. नैनिताल एका दिवसात बघून यायचं तर सकाळी 7 ला निघा, कारण वाटेवरच्या भवाली गावाचा चौक नंतर तुंबतो. नीम करोली बाबांच्या कैंची धाम या आश्रमाची गर्दी याच चौकातून जाते. 15 जूनला तिथे वार्षिक भंडारा असतो, त्याच्या आगेमागे दोन-तीन दिवस या रस्त्यावर मुक्काम बदलण्याचा बेत आखूच नये.

नौकुचियाताल आणखी शांत. दोन रात्रींच्या सहलीत तिथे राहिलात तर नैनिताल बघणं राहूनच जाईल. चार रात्री असतील तर दोन नैनितालला, दोन नौकुचियातालला ही विभागणी छान जमते, आणि क्रमही हाच ठेवावा. गर्दी आधी, विसावा नंतर.

सगळीकडे लागू पडणारं: गरम पाणी

पाहुण्यांची सगळ्यात जास्त चिडचिड याच्यावरून होते, आणि कारण साधं आहे. हिवाळ्यात नळाचं पाणी 8 अंशांच्या आसपास असतं. 15 लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर ते 60 अंशांपर्यंत न्यायला जवळपास अर्धा तास घेतो, आणि त्यात गार पाणी मिसळून अंघोळीजोगं पाणी मिळतं सुमारे 24 लिटर, म्हणजे दीड बादली. चौघांच्या कुटुंबाला एकामागून एक अंघोळ करायची तर दीड-दोन तास हवेत. तीन लिटरचा झटपट गीझर असेल तर शॉवर विसरा, बारीक धारेने बादली भरा. काही हॉटेलांत गरम पाणी ठरावीक वेळेतच सोडतात, बहुधा सकाळी 7 ते 10. गीझर किती लिटरचा हे विचारल्यावर ‘चोवीस तास गरम पाणी’ असं मोघम उत्तर आलं, तर पुन्हा विचारा.

बुकिंगआधीचा फोन

संकेतस्थळावर खोली पसंत पडली तरी हॉटेलला फोन करावाच. खोलीचा मजला आणि रस्त्यापासूनच्या पायऱ्या विचारा. तळं पलंगावरून दिसतं, की गॅलरीच्या कोपऱ्यातून मान वळवून? दुसऱ्या प्रकाराला ‘पार्शियल लेक व्ह्यू’ म्हणतात आणि त्यासाठी जादा भाडं देण्यात अर्थ नाही. त्या खोलीच्या खिडकीतून आत्ताचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, चांगली हॉटेलं पाठवतात. 24 आणि 31 डिसेंबरच्या रात्री अनेक ठिकाणी ‘गाला डिनर’ सक्तीचं असतं आणि ते भाड्यात धरलेलं नसतं, मुलांचंही वेगळं मोजतात. सांगितलेल्या भाड्यात जीएसटी आहे का तेही लिहून घ्या.

दिल्लीहून रात्रीच्या रानीखेत एक्सप्रेसने आलात तर पहाटे काठगोदामला उतरून 8 च्या आत हॉटेलच्या दारात पोचाल, आणि खोली मिळणार दुपारी 12 किंवा 1 ला. लवकर खोली देण्याचं आधी लेखी घ्या, नाहीतर सकाळची शताब्दी बरी, ती दुपारच्या सुमाराला काठगोदामला आणून सोडते. परतीला मे-जूनमध्ये नैनिताल ते काठगोदाम या 34 किलोमीटरच्या उतारासाठी नेहमीचा दीड तास धरू नका. शनिवार-रविवारी रेल्वेगाडीच्या वेळेआधी चार तास हॉटेल सोडा, भीमतालहून निघत असाल तर अडीच तास पुरतात.