दाराला स्मार्ट लॉक लावून नऊ महिने झाले, आमच्या घरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटला स्मार्ट लॉक बसवलं, म्हणजे बोट किंवा पिनने उघडणारं, सेल आणि मोटारवर चालणारं कुलूप. कारण साधं होतं. आम्ही दोघं ऑफिसला, मुलगी चारला शाळेतून येते आणि सासूबाई त्या वेळेला नेमक्या देवळात असतात, मग चावी कधी शेजारच्या काकूंकडे, कधी वॉचमनकडे, आणि मला ऑफिसात बसून जिवाला घोर.

घेताना मी सगळं लक्ष फिंगरप्रिंटवर दिलं, आणि घरात तेच सगळ्यात कमी चाललं. माझं, नवऱ्याचं आणि मुलीचं बोट झटकन लागतं. पण सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर, बोटांच्या रेषा झिजल्यात, दहातून चार-पाच वेळा लाल लाईट. भांडीवाल्या मावशींचं तर रजिस्टरच होईना, इतकी वर्षं घासणी आणि साबणात हात, रेषा उरणार कुठून. शेवटी सासूबाईंना टॅग दिला, म्हणजे लॉकला टेकवायचं छोटं कार्ड, तो त्या जपमाळेच्या पिशवीत ठेवतात आणि पिशवीच लॉकला टेकवतात, दार उघडतं. मावशींना वेगळा पिन दिला, सकाळी ९ ते ११ चालणारा. कोण कधी आलं ते ॲपमध्ये दिसतं हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, विश्वासाचं माणूस आहे, लपवून नोंद ठेवणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून घरात म्हातारं माणूस असेल तर बोट, पिन, कार्ड आणि साधी चावी हे चारही असलेलंच घ्या, एकावर राहू नका.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. आमचं दार लाकडी, पावसाळ्यात फुगतं, दरवर्षी थोडं ओढून लावायचो आणि विसरायचो. पण मोटारला ते ओढणं कळत नाही ना! बोल्ट, म्हणजे लॉकमधून बाहेर येणारा दांडा, चौकटीच्या पट्टीला घासायचा, घर्र घर्र दोन-तीनदा आवाज, मग बीप, आणि दार अर्धवट. एकदा रात्री सगळे झोपल्यावर लक्षात आलं की लॉक लागलेलंच नाही, त्या रात्री मला झोप आली नाही. कस्टमर केअरवाले ॲप अपडेट करा म्हणत राहिले. शेवटी सुताराला बोलावलं, त्याने दाराची कड रंध्याने तासली, पट्टीचं भोक कानसने जरा मोठं केलं, अर्ध्या तासाचं काम, तेव्हापासून एकदाही अडलं नाही. म्हणजे लॉकच्या आधी दार बघायला हवं होतं. बोटाच्या एका धक्क्याने दार सहज बसत नसेल तर पहिले सुतार, मग लॉक.

सेलचंही त्यातच आलं. चार पेन्सिल सेल लागतात, पहिला सेट सहा महिने गेला आणि दुसरा दीड महिन्यातच संपला, कारण मोटार रोज झगडत होती. अल्कलाईनच टाका. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे, त्यामुळे आमच्यात ते टाकले की बॅटरी कमी असल्याची वॉर्निंग लवकर येते. सेल पूर्ण गेले तर खाली टाईप-सी आहे, पॉवर बँक लावली की तेवढ्यापुरतं चालू होतं, आम्ही एकदा जिन्यात उभं राहून ते केलंय. आणि चावी घरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, एक माझ्या ऑफिसच्या बॅगेत आणि एक काकूंकडे आहे.

दुकानात दोन गोष्टी हात लावून बघा. एक, सेल काढूनही आतलं हँडल फिरवल्यावर दार उघडतंय का, आग लागली तर तेच कामाला येणार. दुसरं, बाहेर सेफ्टी डोअर असेल तर दोन्ही दारांमधलं अंतर मोजा, आमच्याकडे लॉकचं हँडल जाळीला आपटायचं, सेफ्टी डोअरची कडी बदलावी लागली.

ऑटो-लॉक चालू आहे. कचरा ठेवायला बाहेर गेलं तरी मागे दार बंद होतं, पण मुलीला आता पिन पाठ आहे, आणि ती चारला घरात शिरली की माझ्या फोनवर मेसेज येतो. त्या एका मेसेजसाठी मी हे लॉक परत घेईन.

आता गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी नवे सेल टाकणार आणि झाडांना पाणी घालायला काकूंना पाच दिवसांचा पिन देणार.