फाईल वाचायची कशाने: एफस्कॅनएफ, एफगेट्स की एफरीड?

सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रॅक्टिकलला एक ठरलेला प्रोग्रॅम असतो: रोल नंबर, नाव आणि गुण फाईलमध्ये साठवा, परत वाचून दाखवा. लिहिताना फारसं अडत नाही. वाचताना बहुतेक जण एफस्कॅनएफ (दिलेल्या साच्याप्रमाणे फाईलमधून एकेक मूल्य वाचणारं फंक्शन) उचलतात, कारण कीबोर्डवरून तसंच वाचणारं स्कॅनएफ सवयीचं असतं.

नुसते आकडे असतील आणि फाईल आपल्याच प्रोग्रॅमने लिहिलेली असेल, तर एफस्कॅनएफ ठीक आहे. नाव आलं की घोळ. ओळीत रोल नंबर, मग 'अण्णा पाटील', मग गुण आहेत असं धरा. साच्यातलं पर्सेंट-एस (शब्द वाचायची खूण) स्पेसपाशी थांबतं, म्हणून नावात फक्त 'अण्णा' जातं आणि गुणांसाठीचं पर्सेंट-डी (पूर्णांक वाचायची खूण) 'पाटील'वर आपटतं. ते काहीच उचलत नाही. 'पाटील' फाईलमध्ये तिथेच राहतं. पुढच्या फेरीत रोल नंबर म्हणून पुन्हा 'पाटील'च समोर. एफस्कॅनएफ किती मूल्यं वाचली ते परत सांगतं; इथे उत्तर येतं शून्य, ईओएफ (फाईल संपल्याची खूण) नाही, त्यामुळे लूप ईओएफची वाट पाहत कायमचा फिरत राहतो. म्हणून वापरायचंच असेल तर परत आलेली संख्या ३ आहे का, हे तपासा आणि पर्सेंट-एसला रुंदी (वाचायची कमाल लांबी) द्या. नाहीतर लांब नाव अॅरेच्या बाहेर सांडतं.

माझं मत एफगेट्सच्या बाजूने आहे. त्यात पूर्ण ओळ बफरमध्ये (वाचलेलं ठेवायच्या अॅरेत) येते, दिलेल्या मापापलीकडे एक बाइटही जात नाही, आणि मग एसस्कॅनएफने (फाईलऐवजी बफरमधून वाचणारं एफस्कॅनएफचं भावंड) तुकडे करता येतात. ओळ बिघडलेली निघाली तर सोडून पुढे जायचं, फाईल अडकून पडत नाही. (नावातली स्पेस इथेही नडतेच, म्हणून रकाने स्वल्पविरामाने वेगळे करा.) शेवटचं न्यूलाइन बफरमध्येच राहतं, ते काढून टाकायला विसरू नका. मराठी नावं असतील तर बफर सढळ ठेवा: यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, 'अण्णा पाटील' ३१ बाइटचं होतं. २० च्या बफरमध्ये १९ च बाइट मावतात आणि अक्षर मधोमध तुटतं. जुन्या नोट्समधलं गेट्स (बफरचं माप न विचारता ओळ वाचणारं फंक्शन) मात्र विसरा, २०११ च्या सी११ मानकात ते काढूनच टाकलं आहे.

एफरीड (ठरावीक बाइट जसेच्या तसे वाचणारं फंक्शन) कधी? रेकॉर्ड ठरलेल्या मापाचं असेल आणि एफसीकने (फाईलमधली वाचायची जागा बदलणारं फंक्शन) थेट पाचशेव्या विद्यार्थ्यावर उडी मारायची असेल, तेव्हा. पण स्ट्रक्चर (एका विद्यार्थ्याच्या सगळ्या रकान्यांचा गट) जसंच्या तसं लिहिलं की फाईल कंपायलरशी बांधली जाते. इंट रोल नंबर, २० कॅरॅक्टरचं नाव, फ्लोट गुण: टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये हे २६ बाइट, कारण तिथे इंट २ बाइटचा; आजच्या जीसीसी कंपायलरमध्ये २८. कॉलेजात बनवलेली फाईल घरच्या लॅपटॉपवर पहिल्याच रेकॉर्डपासून कचरा दाखवते, ती यामुळे. शिवाय विंडोजवर फाईल 'आरबी' (बायनरी) मोडऐवजी नुसत्या 'आर' (टेक्स्ट) मोडने उघडली तर २६ किमतीचा बाइट फाईलचा शेवट समजला जातो. म्हणजे २६ रोल नंबरपाशी वर्ग संपला!

एफईओएफवर (फाईल संपली का, हे सांगणारं फंक्शन) लूप चालवू नका, तिघांपैकी काहीही निवडा. वाचन एकदा फसल्यावरच ते खरं होतं, म्हणून शेवटचं रेकॉर्ड दोनदा छापलं जातं. अट वाचणाऱ्या फंक्शनच्या उत्तरावरच ठेवा. आणि 'आर प्लस' (वाचणं आणि लिहिणं दोन्ही) मोडमध्ये गुण दुरुस्त करणार असाल, तर वाचल्यानंतर लिहिण्याआधी एफसीक करावंच लागतं, जागा तीच असली तरी.